दाराबाहेर उभा राहिलेला रामा कामती

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर रोज लक्षावधी माणसे उतरतात आणि घाईने आपापल्या कामाला लागतात. ‘चर्चगेट’ या नावात एक चर्च आहे आणि एक दरवाजा आहे. परंतु स्थानकातून बाहेर पडणाऱ्याला तेथे दोहोंपैकी काहीच आढळत नाही. तो दरवाजा इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तट पाडण्यात आला आणि त्याबरोबर दरवाजाही नाहीसा झाला. मात्र ज्या चर्चच्या नावाने तो ओळखला जाई, ते चर्च हॉर्निमन सर्कलच्या कडेला आजही उभे आहे. सेंट थॉमस कॅथीड्रल हे त्याचे नाव. १७१८ सालच्या नाताळच्या दिवशी, म्हणजे २५ डिसेंबरला, ते उपासनेसाठी प्रथम उघडले.

नाताळच्या या मंगल पर्वात त्या चर्चची आठवण काढण्याचे कारण निराळे आहे. आज गावोगावच्या मंडळ्यांपुढे नव्या उपासनामंदिराचा प्रश्न उभा आहे. जुनी इमारत गळू लागली आहे, जागा अपुरी पडते आहे, रविवारी तरुण मंडळींना ओसरीत उभे राहावे लागते आहे. मग इमारत-निधीची घोषणा होते, पावतीपुस्तके छापली जातात, वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा भिंतीवर लागतो आणि सभांतून वाद झडू लागतात. शिखर किती उंच असावे, फरशी कोणती घालावी, देणगीदारांची नावे कोठे कोरावीत, यावर तासन् तास चर्चा होते. मात्र मंदिर कशावर उभे राहते, या प्रश्नाला सहसा कोणी हात घालीत नाही. सेंट थॉमसची हकीकत त्या प्रश्नाचे उत्तर देते. आणि ते उत्तर सुखद आहे असे मात्र नव्हे.

चाळीस वर्षे अर्धवट राहिलेल्या भिंती

मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले. त्यानंतर लवकरच गव्हर्नर झालेल्या जेराल्ड आँजियरने येथे इंग्रजांसाठी चर्च बांधण्याचा संकल्प केला. वर्गणी जमू लागली, पाया घातला गेला, भिंती पाच यार्डांपर्यंत, म्हणजे पंधरा फुटांपर्यंत वर आल्या. १६७७ साली आँजियर वारला आणि काम थांबले. ते थांबले ते सुमारे चाळीस वर्षे! इतका काळ ती छप्पर नसलेली वास्तू पावसाळ्यामागून पावसाळे अंगावर घेत तशीच उभी होती.

जमलेला पैसा गेला कोठे? कप्तान अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत दिले आहे. चर्चसाठी पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली होती. परंतु सर जॉन चाइल्ड मुंबईचा कारभारी झाला आणि ती त्याने स्वतःच्या उपयोगाला लावली, असा त्याचा उघड आरोप आहे. हॅमिल्टन आणि चाइल्ड यांच्यात सख्य नव्हते, हे ध्यानी घेऊन या आरोपाचे वजन करावे लागेल. तरीही एवढे खरे की, एका पिढीने देवाच्या नावाने दिलेल्या पैशाचा हिशेब पुढच्या पिढीला मिळाला नाही आणि तिच्या वाट्याला आल्या त्या अर्धवट भिंती.

याचा अर्थ आजच्या मंडळ्यांनी नीट ध्यानी घ्यावयास हवा. एखाद्या मंदिराचे काम पैसा कमी पडल्याने रखडले, तर माणसे पुन्हा कंबर कसतात. परंतु विश्वास उडाल्याने काम रखडले, तर निधीची पेटी पुन्हा फिरविण्याचे धैर्य कोणाला होत नाही. पैशाची तूट एखाद्या हंगामात भरून निघते. विश्वासाची तूट भरून येण्यास पिढी उलटावी लागते. म्हणून इमारत-निधीचा जमाखर्च वर्षाअखेरच्या सभेत घाईघाईने वाचून दाखविणे पुरेसे नाही. दर महिन्याचा हिशेब मंदिराच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावावा. त्यात सिमेंटच्या गोणींचा दर असावा, गवंड्याची मजुरी असावी आणि बँकेतील शिल्लकही असावी. खजिनदार कितीही सज्जन असला तरी ही प्रथा पाळावी. किंबहुना तो सज्जन असेल तर तोच ती आग्रहाने पाळील. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी आपल्याकडे एक खुळी समजूत आहे. भक्तीच्या क्षेत्रात तर ती अधिकच घट्ट रुजली आहे. वस्तुतः जेथे देवाचे नाव घेऊन पैसा गोळा होतो, तेथे हिशेबाची स्वच्छता हा उपासनेचाच एक भाग मानावयास हवा.

एका पाद्र्याची खटपट

मुंबईच्या त्या उघड्या भिंतींना छप्पर लाभले ते रिचर्ड कॉब नावाच्या धर्मोपदेशकामुळे. तो १७१४ साली मुंबईत आला. त्या वेळी इंग्रजांची उपासना किल्ल्यातील खोल्यांत होत असे. शहरात येणाऱ्या परक्याला इंग्रजांचे प्रार्थनास्थळ कोठे दिसत नाही, याची कॉबला लाज वाटली. १७१५ साली त्याने प्रवचनातून विषय काढला, गव्हर्नरकडे लेखी आर्जव केले आणि वर्गणीची यादी फिरविण्यास आरंभ केला. मुंबईतील कंपनीचे नोकर, दर्यावर्दी, व्यापारी या सर्वांकडे तो गेला. इतर वखारींनाही त्याने पत्रे धाडली. कंपनीनेही आपली भर घातली. तीन वर्षांच्या अवधीत काम तडीस गेले. आपल्या या खटपटीचा वृत्तांत आणि पत्रव्यवहार कॉबने पुढे वार्धक्यात, १७६६ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. म्हणूनच ही हकीकत आज आपल्याला इतक्या बारकाईने ठाऊक आहे.

कॉबच्या उद्योगाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. तथापि ती वर्गणी एका सत्ताधारी व्यापारी वसाहतीची होती. ज्यांच्या हाती पद होते आणि खिशात पैसा होता, त्यांनी ती दिली. आपल्या मंडळ्यांची गोष्ट वेगळी आहे. येथे शेतमजूर आहे, परिचारिका आहे, शिक्षक आहे, निवृत्त कारकून आहे आणि एखादा परदेशी स्थायिक झालेला सुस्थितीतील मुलगाही आहे. त्या परदेशस्थ मुलाच्या एका धनादेशाने निम्मा खर्च भागणार असेल, तर मजुराच्या पन्नास रुपयांची वाट कशाला पाहायची, असा व्यवहारी प्रश्न सभेत हमखास येतो.

या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रात फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांनी रानात पहिले पवित्रस्थान उभारले. ते दगडविटांचे नव्हते, तो एक मंडप होता. त्यासाठी लोकांनी स्वखुशीने सोने, चांदी, तांबे आणि तलम वस्त्रे आणली. स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून दिले. देणग्यांचा ओघ एवढा वाढला की, आता पुरे, आणखी आणू नका, असे मोशेला छावणीभर सांगावे लागले. इमारत-निधीच्या इतिहासात असा हुकूम पुन्हा क्वचितच निघाला असेल!

परंतु त्याच वर्णनात आणखी एक तपशील आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. स्वखुशीच्या देणग्यांव्यतिरिक्त, गणती झालेल्या प्रत्येक पुरुषामागे अर्धा शेकेल चांदी घेण्यात आली. श्रीमंताने त्याहून अधिक द्यावयाचे नाही आणि गरिबाने कमी द्यावयाचे नाही, असा दंडक होता. ६,०३,५५० माणसांच्या त्या समान वाट्यातून जी चांदी जमली, तिच्यातून पवित्रस्थानाच्या शंभर उथळ्या, म्हणजे फळ्या आणि खांब ज्यांवर उभे राहतात त्या बैठकी, ओतण्यात आल्या. वरचे सोने ज्याच्या त्याच्या ऐपतीचे होते. परंतु तळाची चांदी सर्वांची सारखी होती. मंडपाचा भार जेथे जमिनीला टेकला, तेथे श्रीमंत आणि गरीब यांचा वाटा वेगळा काढता येत नव्हता.

मला वाटते, आजच्या प्रत्येक मंडळीने हा दंडक जसाच्या तसा उचलावा. प्रथम प्रत्येक घरामागे एक लहानशी, सर्वांना झेपेल अशी समान रक्कम ठरवावी. पाया त्या पैशातूनच घालावा. त्या रकमेची यादी पूर्ण होईपर्यंत मोठी देणगी स्वीकारू नये. पायाचे काम झाल्यावर ज्याला भिंत बांधून द्यावयाची असेल त्याने भिंत द्यावी, ज्याला घंटा द्यावयाची असेल त्याने घंटा द्यावी. यात काही महिन्यांचा उशीर होईल. परंतु मंदिर पूर्ण झाल्यावर शेवटच्या बाकावर बसणारी म्हातारी ‘हे त्यांनी बांधलेले चर्च’ असे म्हणणार नाही. ‘आम्ही बांधले’ असे म्हणेल. या दोन वाक्यांतील अंतर कोणत्याही संगमरवराने भरून निघत नाही.

मूठमूठ धान्यावर मोठ्या संस्था उभ्या राहू शकतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले मुष्टिफंडाच्या धान्यावर जेवली आणि शिकली. तिकडे मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रियांनीही विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवण्याची प्रथा पाळली आणि तेथील चर्चच्या कार्याला तिने मोठाच आधार दिला. मुठीचे मोल तांदळाच्या भावाने ठरत नाही. भांड्यात हात घालताना रोज एकदा मंदिराची आठवण होते, हे तिचे खरे मोल होय.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून चालणार नाही. भोवती माणसे उपाशी असताना देवासाठी इमारती कशाला? ज्याच्या जन्माला उतारशाळेत जागा मिळाली नाही, ज्याला गव्हाणीत निजविले गेले, त्याच्या नावाने शिखरे कशाला उभारायची? आक्षेप वजनदार आहे. त्याचे सर्वांत चांगले उत्तर पंडिता रमाबाईंनी आपल्या कृतीने दिले आहे. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी चर्चचा पाया घातला तो १८९९ साली. पाठोपाठ १९०० च्या दुष्काळाने हाहाकार उडविला. रमाबाईंनी गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलींनाही आसरा दिला आणि मुक्तीतील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे भाकरी आणि मंदिर यांत एक निवडण्याची पाळी आली नाही; कारण ज्यांच्यासाठी भाकरी भाजली जात होती, त्यांच्यासाठीच मंदिरही उभे राहत होते. घर हरवलेल्या मुलींना आपले म्हणता येईल असे एक उंच छप्पर मिळत होते. गरिबाच्या नशिबी वाडे नसतात. त्याच्या वाट्याचे प्रशस्त दालन एकच, ते देवाघरचे. तेवढे तरी त्याला असू द्यावे. मात्र ते खरोखर त्याचे आहे ना, एवढे पाहावे.

नाताळचा तो दिवस आणि त्यानंतर

आता त्या १७१८ च्या नाताळाकडे पुन्हा वळू. गव्हर्नर चार्ल्स बून आपल्या कौन्सिलसह समारंभाने चर्चला आला. उपासना झाली, एका बालकाचा बाप्तिस्मा झाला, प्रवचन झाले. प्रवचन संपल्यावर बड्या मंडळींनी नव्या चर्चच्या भरभराटीसाठी मद्याचा पेला उचलला. कॉबने आपल्या वृत्तांतात त्या दिवशीची आणखी एक गोष्ट नोंदविली आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. चर्चच्या भोवती एतद्देशीय लोकांची दाटी झाली होती. त्यांत रामा नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या जातबांधवांसह आला होता. उपासनेतील शिस्त आणि गांभीर्य त्या सर्वांना इतके आवडले की, ती संपेपर्यंत ते तेथेच उभे राहिले.

हा रामा म्हणजेच रामा कामती. तो शेणवी समाजातील धनिक व्यापारी होता आणि कंपनीच्या शिपायांवर त्याचा अधिकार चाले. मलबार टेकडीच्या टोकाचे वाळकेश्वराचे मंदिर १७१५ साली त्यानेच पुन्हा बांधविले होते. म्हणजे पाहा, एकाच बेटावर, एकाच सुमारास, दोन देवालयांची कामे निघाली. ज्याने स्वतः एक देवालय उभारले होते, असा माणूस दुसऱ्यांच्या देवालयाच्या उद्घाटनाला मुलाबाळांच्या बारशाला यावे तितक्या सहजतेने आला. त्याला आतील भाषा परकी होती, विधी परके होते. तरीही तो उपासना संपेपर्यंत थांबला. मंदिर बांधताना किती जिवापाड खटपट करावी लागते, हे त्या गर्दीत त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शेजाऱ्याच्या भक्तीला दिलेली याहून मोठी देणगी मला माहीत नाही, आणि कोणत्याही पावतीपुस्तकात तिची नोंद होण्याजोगी नव्हती.

त्या देणगीची परतफेड कशी झाली? हा काळ कान्होजी आंग्र्यांशी चाललेल्या झुंजीचा होता. उद्घाटनाच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबर १७१८ मध्ये, खांदेरीवर चालून गेलेल्या इंग्रजी आरमाराला अपयश घेऊन परतावे लागले होते. पराभवाला कारण हवे असते आणि कारणाला माणूस हवा असतो. १७२० साली रामा कामतीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्याला पकडण्यात आले. कंपनीच्याच न्यायालयापुढे खटला चालला. पुराव्यादाखल पत्रे पुढे करण्यात आली. त्याच्या कारकुनाकडून यातना देऊन जबानी मिळविण्यात आली. रामाला जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि कैदेतच त्याचा अंत झाला. ती पत्रे बनावट होती, असे पुढील काळातील अभ्यासकांचे मत आहे.

नाताळच्या दिवशी ज्या गव्हर्नराने त्या चर्चमध्ये गुडघे टेकले, त्याच्याच अमदानीत हे घडले. ज्यांनी वर्गणीच्या यादीवर नावे घातली, त्यांच्याच वसाहतीत हे घडले. छप्पर नवे होते, घंटा वाजत होती, उपासना शिस्तीने चालत होती. आणि जो शेजारी आदराने त्या उपासनेला उभा राहिला होता, तो दोन वर्षांत कोठडीत पडला होता. प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून अन्याय झाला म्हणून प्रार्थना खोटी ठरत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मंदिर बांधून झाले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी ही हकीकत एकदा तरी वाचावी.

सेंट थॉमस पुढे वैभवाला चढले. १८३७ साली त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला, पाठोपाठ मनोरा उभा राहिला. आतील भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला आजही पाहणाऱ्याला थबकावितात. १८११ साली वारलेल्या गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक तेथे आहे. बालहत्येच्या प्रथेविरुद्ध त्याने केलेल्या प्रयत्नांची आठवण ते देते. चांगल्या कामाची आठवण कोरली जावी, यात गैर काहीच नाही. फक्त एवढेच की, दगडावर नाव कोरण्याची वेळ आली म्हणजे आत बसलेल्यांचीच नावे आधी सुचतात. गवंडी, पाणके, पाट्या वाहणाऱ्या बाया आणि दाराबाहेर उभे राहणारे शेजारी यांची नावे कोणाच्या ओठांवर येत नाहीत.

म्हणून नवे मंदिर उभारणाऱ्या मंडळ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पाया सर्वांच्या समान वाट्यातून घाला. जमाखर्च दाराशी लावा. आणि उद्घाटनाच्या दिवशी पहिली रांग देणगीदारांसाठी राखून ठेवण्यापूर्वी, ज्यांनी विटा वाहिल्या त्यांना आणि वस्तीतील इतरधर्मीय शेजाऱ्यांना मानाने आत बोलावून बसवा. एवढे करूनही शेजाऱ्याशी न्यायाने वागण्याची जबाबदारी उरतेच. ती कोणत्याही आराखड्यात दाखविता येत नाही. तिच्यासाठी वर्गणी काढता येत नाही. आणि ती पुरी झाल्याचा दाखला कोणताही अभियंता देऊ शकत नाही.

तीन शतकांपूर्वीच्या त्या नाताळी रामा कामती चर्चच्या भोवतालच्या गर्दीत उभा होता. त्याला आत बसावयास बोलाविण्याची संधी तेव्हाच्या मंडळीने गमावली. आज आपापल्या गावी उपासनेला जाणाऱ्यांनी आत शिरण्यापूर्वी क्षणभर मागे वळून पाहावे. दाराबाहेर कोणी ना कोणी उभे असतेच.